शनिवारची झोप

सौदामिनीबाई शाळेतून निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्यांनी त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि आता आराम करा असं सांगितलं. आराम म्हणजे काय असतो ते एकदा बघावं अशी बाईंचीही इच्छा होती. पण जन्मभर दुसऱ्यांची पोरं वळणावर आणलेल्या बाईला कुणी आराम करू देत नाही, आणि खरं सांगायचं तर तिला तो जमतही नाही. मालविका ही त्यांची जुनी विद्यार्थिनी. लातुरातच ती बालकल्याण समितीसाठी काम करायची. एका दुपारी ती आली, चहा घेतला आणि म्हणाली, "बाई, एक तान्हं बाळ आहे. आई दवाखान्यात आहे. ती बरी होईपर्यंत सांभाळायला एक घर पाहिजे."

"आमचं वय काय, हिची मागणी काय," बाईंचे यजमान बापूसाहेब पेपरामागून म्हणाले. बाईंनी तिकडं लक्षच दिलं नाही.

हकिगत अशी होती. पुनम नावाची निलंग्याकडची मुलगी मुदखेडला दिलेली. बाळंत झाली आणि तिची झोपच उडाली. दिवस नाही, रात्र नाही, डोळ्याला डोळा लागेना. सासरच्यांनी आधी अंगारा लावला, मग लक्ष द्यायचं सोडलं. एक दिवस ती तान्ह्या पोरीला घेऊन भावाकडं निघाली. लातूरच्या बसस्टँडवर गाडी बदलायची होती. तिथं तिनं पोरगी बाकावर ठेवली आणि निलंग्याच्या गाडीत एकटीच चढली. भावानं, शिवशंकरनं, दारातच विचारलं, "लेकरू कुठं हाय?" तर ती म्हणाली, "कुणाचं लेकरू?"

नशीब पोरीचं, की स्टँडवर पेरू विकणाऱ्या एका बाईचं तिच्याकडं लक्ष गेलं. पुढं पोलीस आले, समिती आली, पुनमला दवाखान्यात ठेवलं. बाळंतपणानंतर कुणाकुणाला असा आजार होतो आणि औषधानं तो बरा होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. सासरच्यांनी मात्र वेडी म्हणून जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. पुनमचे आईवडील कधीच गेलेले. राहता राहिला भाऊ, आणि त्याची एक खोली.

कागदावर पोरीचं नाव मृण्मयी होतं. बापूसाहेबांची जीभ त्या नावाला दोनदा अडखळली आणि तिसऱ्यांदा त्यांनी तिची मनी करून टाकली.

तान्हं मूल सांभाळणं हे तरुणपणी करायचं काम आहे, हे बाईंना आठवड्याभरातच कळून चुकलं. पोर दिवसा झोपायची आणि रात्री मैफल भरवायची. त्यात लातूरचं नळाचं पाणी, ते येईल तेव्हा उठून भरायचं. वरच्या मजल्यावर क्लासला आलेल्या मुली भाड्यानं राहायच्या, त्यांची रोज काही ना काही तक्रार. बाईंची कंबर धरायची, गुडघे बोलायचे. पुण्याहून मुलगा आलोक फोनवर म्हणायचा, "आई, या वयात कशाला हे उपद्व्याप?" बाई म्हणायच्या, "तू फोन ठेव आता, मला दूध गरम करायचंय." पण मनीनं झोपेत त्यांचा पदर मुठीत धरला, की तो सोडवून घ्यायला त्यांचा जीव व्हायचा नाही. तशाच अवघडून बसून राहायच्या. बाईंना पोरीचा लळा लागला होता आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

पुनम दवाखान्यातून सुटली, तसं समितीनं ठरवलं की तिनं दर शनिवारी बाईंच्या घरी येऊन पोरीला भेटायचं. पोरगी तिच्याकडं परत कधी द्यायची, द्यायची की नाही, ते या भेटी बघून ठरणार होतं.

पहिल्या शनिवारी बाईंनी भाजी चिरायची विळी आणि कात्री कपाटात टाकून कुलूप लावलं. पुनम आली ती निलंग्याच्या एसटीनं, अंगाची काडी झालेली, बोटं पदराशी चाळा करणारी. तिनं मनीला मांडीवर घेतलं. मनीनं क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि टाहो फोडला. पुनमनं घाईघाईनं पोर बाईंकडं दिली, भिंतीला टेकून बसली आणि बसल्या बसल्या झोपली. परतीच्या एसटीच्या वेळेला बाईंनी हलवून उठवलं तेव्हा उठली, आणि गेली.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. आली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, भिंतीला टेकली, झोपली. तोंड उघडं, मान खांद्यावर. बाई पोरीला कडेवर घेऊन तिच्यापुढून चकरा मारायच्या आणि मनात धुसफुसायच्या. इथं आपली पाठ मोडून चालली आहे, आणि जिनं जन्म दिला ती खुशाल घोरते आहे. एवढी दूरवरून काय झोपायला येते का ही?

मालविकानं विचारलं, "काय करते ती भेटीत?"

"झोपते," बाई म्हणाल्या.

"पोरीला घेत नाही?"

"घेते घडीभर. मग झोपते."

यात खोटं काहीच नव्हतं. मालविकानं पुनमलाही विचारलं, तीही हो म्हणाली. समितीनं निर्णय पुढं ढकलला. आई अजून सावरलेली दिसत नाही, आणखी काही महिने बघू आणि तेव्हाही असंच असेल तर मुलीसाठी कायमच्या घराचा विचार करू, असं ठरलं. बाईंना ते कळलं तेव्हा आधी आनंद झाला. अगदी उघडउघड आनंद. मग त्याची लाज वाटली, आणि त्या विनाकारण बापूसाहेबांवर चिडल्या. पुनमला सांगितलं तेव्हा ती नुसतं "बरं" म्हणाली. पुढच्या शनिवारी आली आणि झोपली.

अशातच मनीला दात यायला लागले. ताप, रडणं, हगवण, सगळंच एकदम. बाईंनी दोन रात्री तिला खांद्यावर घेऊन काढल्या आणि शनिवारी सकाळी त्यांच्या पायात त्राण उरलं नव्हतं. दुपारी पुनम आली, तापलेल्या पोरीच्या कपाळाला हात लावला, डोळ्यांत पाणी आणलं, आणि भिंतीला टेकली. बघता बघता मान कलंडली. बाईंचा तोल सुटला. त्यांनी तिला खांद्याला धरून गदागदा हलवलं.

"पोरीला भेटायला येतीस का झोपायला येतीस गं तू?"

पुनम दचकून उठली. "झोपायला न्हाई ओ बाई. पर लागतीय झोप."

"गोळ्या जड होत असतील तर डॉक्टरला सांग."

"गोळ्यांनी न्हाई. तिकडं गोळी घिऊन बी डोळा लागत न्हाई." ती खाली बघत बोलत होती. "भाऊ-भावजय चांगले हायत. पर एकच खोली हाय. मी उठून कुठं जाईन म्हणून भावजय रातभर जागी ऱ्हाते. मला बी तेच भ्याव हाय. डोळा लागला, उठले, आन् पुन्हा सगळं इसरून गेले तर? कुणाचं लेकरू म्हणले तर?"

"मग इथं कशी लागते?"

"हितं तुमी हायत न्हवं. पोरगी तुमच्यापाशी हाय. मी इसरले तरी तुमी इसरणार न्हाईत."

बाई मनीला घेऊन तिथंच खाली बसल्या. म्हणाल्या, "हे मालविकाला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी इचारलं न्हाई. झोपतीस का म्हणून इचारलं. मी हाव म्हणले."

बाईंना उदगीरचं आपलं माहेर आठवलं. दिवाळीला, मे महिन्यात त्या जायच्या, तर पहिले दोन दिवस नुसत्या झोपायच्या. मुलांना आईच्या ताब्यात द्यायचं, आतल्या खोलीत पडायचं आणि जेवायला हाक आली की उठायचं. आई बाहेर पोरांना दटावायची, "हळू रे, लेक झोपलीय." दोन लेकरांची आई, नोकरी करणारी बाई, आणि तिथं गेली की लेक. या गोष्टीवरून कुणी म्हटलं नव्हतं की हिला संसार जमत नाही. एवढं सगळं माहीत असूनही समोरची ही पोर आपल्याला ओळखू आली नाही, याचं बाईंना फार वाईट वाटलं.

"आत गादी घातलेली आहे," त्या म्हणाल्या. "तिथं नीट आडवी हो. भिंतीला टेकून मान आखडते."

त्यानंतरचे शनिवार असेच गेले. पुनम आली की बाई तिला आधी आत पाठवायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. ती उठली की तिच्यापुढं गरम भाकरी, मेथीचं वरण. डोक्याला तेल. नको नको म्हणायची, पण मान पुढं करायची. मग मनीला तिच्या मांडीवर देऊन बाई स्वतः स्वयंपाकघरात जायच्या, काम नसलं तरी. सुरुवातीला मनी रडायची, तेव्हा ओट्याला घट्ट धरून उभ्या राहायच्या. पुढं पुढं रडणं कमी झालं. एका शनिवारी आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला आणि बाईंनी घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. कपाटाचं कुलूप त्यांनी कधीच काढून टाकलं होतं.

समितीनं बोलावलं तेव्हा बाई स्वतः गेल्या. टेबलामागं तिघी-चौघी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "अजूनही ती भेटीत झोपते का?"

"हो, झोपते," बाई म्हणाल्या. "मी आधी सांगितलं ते खरं होतं, पण अर्धं होतं. लेक माहेरी आली की झोपतेच. तुमच्यातली कोण झोपली नाही ते सांगा." एक बाई खाली बघून हसल्या. मग सौदामिनीबाईंनी पुनमची सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, "तिला तिची पोरगी द्या. आणि शनिवारी दोघींना माझ्याकडं येऊ द्या." एवढं बोलून बाहेर आल्या आणि जिन्यावर बराच वेळ बसून राहिल्या.

समितीनं ऐकलं, आणि मनी पुनमकडं गेली. पुनमला निलंग्यात एका वसतिगृहात भाकरी करायचं काम मिळालं आणि राहायला मागंच एक खोली. सुरुवातीला दोघी शनिवारी यायच्या. मग कामावरून सुट्टी मिळेना आणि शनिवार मागं पडत गेले. बाईंना आता आरामच आराम होता. झोप तेवढी येईना. पोरीचं रडणं ऐकू आल्यासारखं होऊन त्या उठून बसायच्या, आणि बापूसाहेब कुशीवर वळत म्हणायचे, "कुणी नाही, झोप."

शेवटी पुनमचाच फोन आला. "बाई, या की एखाद्या शनिवारी." बाई एसटीनं निलंग्याला गेल्या. खोली लहान होती, पण सारवल्यासारखी स्वच्छ. मनी आता चालायला लागली होती. तिनं बाईंना बघितलं आणि पुनमच्या पदरामागं लपली. बाईंनी हात पुढं केला तशी आणखी आत शिरली. पदर मुठीत घट्ट धरलेला. बाई हसल्या, पण त्यांना ते फार लागलं.

"लई थकल्यात ओ तुमी," पुनम त्यांच्याकडं बघत म्हणाली. "जरा पडा. भाकरी टाकते तवर."

"नको गं, गाडीत बसूनच तर आले."

"पडा हो."

बाईंनी नुसती पाठ टेकली. अंगावर धुतलेलं पांघरूण आलं, दार लोटल्याचा आवाज झाला, आणि पुढचं त्यांना काही कळलं नाही. जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन सरकून भिंतीवर गेलं होतं. दाराबाहेर मनी पळीनं ताट वाजवत होती आणि पुनम दबक्या आवाजात तिला दटावत होती.

"हळू गं बाय. आज्जी झोपलीय."

ताट वाजायचं थांबलं. बाईंना पूर्ण जाग आली होती, पण त्यांनी डोळे उघडले नाहीत.