लाल कंसाची सोयरीक

पोलादपूर तालुक्यातील समस्त नागरिकांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, माझ्या हातून जुळलेली एक सोयरीक जुळल्या दिवशीच मोडली. वर आणि वधू, दोघेही कंस होते. (मथुरेतले नव्हेत, गणितातले!)

झालं असं. माझी पुतणी पूर्वा पुण्यातल्या एका कंपनीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. गणपतीला आमच्या गावी, कापड्याला आली आणि इथेच राहून काम करायची तिला हुक्की आली. साहेब म्हणाले, "शुक्रवारी प्रोग्रॅम चालवून दाखवा. चालला तर राहा, नाहीतर सोमवारी ऑफिसात हजर!" माझ्या बायकोने देव पाण्यात घातले. तिचं सगळं ऐकून घेणारं माणूस या घरात पहिल्यांदाच आलं होतं!

शुक्रवारी सकाळी पूर्वा पडवीत कपाळाला हात लावून बसलेली. (पडवीतच, कारण आमच्याकडे रेंज परक्या पाहुण्यासारखी पडवीतूनच परत जाते.) लॅपटॉपवर रंगीबेरंगी कंसांची नुसती जत्रा!

"काय गं हे?"

"काका, प्रत्येक उघडणाऱ्या कंसाला बंद करणारा जोडीदार लागतो. जोडीचा रंग एकच. पिवळ्याला पिवळा, गुलाबीला गुलाबी. हा शेवटचा, बंद करणारा, लाल दिसतोय ना? याला जोडीदारच नाही! सकाळपासून शोधतेय. याचं काही होईपर्यंत प्रोग्रॅम चालायचा नाही."

आता मला सांगा! कापड्यापासून महाडपर्यंत ज्याने नुसत्या चहापोह्यांवर सोयरिकी जमवल्या, त्याच्यासमोर हे बोलायचं? मी चष्मा लावून त्या लाल कंसाकडे पाहिलं. बिचारा तळाशी एकटा उभा होता, भावांची लग्नं होऊन मागे राहिलेल्या थोराड मुलासारखा!

पूर्वा आंघोळीला गेली आणि मी लॅपटॉपसमोर बैठक मारली. स्थळ कुठलं बघावं? मधेच नको. भरल्या घरात सून घुसवली की भांडणं होतात, हा माझा अनुभव. मग मानाची जागा, सगळ्यात वरची ओळ! तिथे एक उघडता कंस टाकला, अक्षता टाकाव्यात तसा.

काय चमत्कार! लाल रंग गेला! एवढंच नव्हे, तर पिवळे गुलाबी झाले, गुलाबी निळे झाले, निळे पिवळे झाले. मला वाटलं, लग्नघर आहे, सगळ्यांनी नवे कपडे घातले असतील!

पूर्वा आली. "अय्या, लाल गेला? कसा काय?" पण विचार करायला वेळ कुठे? साहेब पडद्यावर हजर! तिने प्रोग्रॅम चालवला.

पडदा पांढरा.

पुन्हा चालवला. पांढराफटक! पूर्वाचा चेहरा त्याहून पांढरा.

"काय झालं पूर्वा?" साहेबांचा आवाज.

मला राहवेना. मी दाराआडूनच ओरडलो, "घाबरू नको गो! त्या लाल्याचं लग्न मी लावून दिलंय! सून सगळ्यात वरती हाय!" (घाईत माझी शुद्ध भाषा आधी पळते.)

"काका!!!"

तिने माझी सून एका बोटात उडवली. लाल परत आला, बाकीचे झटक्यात आपापल्या जुन्या रंगात गेले. पूर्वा बघत राहिली. "अरे, म्हणजे बाकीच्यांच्या जोड्या आधीपासून बरोबरच होत्या! हाच जास्तीचा!" आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने नवरदेवही उडवला!

प्रोग्रॅम धो धो चालू लागला.

"छान!" साहेब खूश. "राहा खुशाल तिथेच. पण मघाशी अडलं कुठे होतं?"

"सर, एकजण एकटाच उरला होता. काकांना दया आली, त्यांनी त्याला बायको करून दिली. खरं तर त्याला जोडी द्यायचीच नव्हती, सरळ काढून टाकायचं होतं!"

माझी बायको चहा घेऊन नेमकी तेव्हाच पडवीत आली. माइक चालू होता. पुण्यातलं अख्खं ऑफिस ऐकत होतं.

"अगो बाय माझे," ती कळवळून म्हणाली, "हे मला बघाया आलेले, तवा तू कुठं होतीस गो?"