ओल्या घोंगडीखालचे झिंगे

समजा, तुमच्यासमोर दोन फुटांची काचेची टाकी आहे आणि तुम्हाला तिच्यातले झिंगे मोजायचे आहेत. बोटाच्या पेराएवढे, डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल. तुम्ही डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात कराल. शेवाळाच्या गाठोड्यावर सात दिसतील. आठवा सापडेपर्यंत त्या सातांतले तीन लाकडामागे पसार होतील. मध्येच एखादा गप्पी मासा शेपूट मिरवत डोळ्यांसमोरून जाईल आणि आकडा पार विसरायला लावेल. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला तुम्ही कंटाळाल आणि ‘असतील शंभरेक’ म्हणून उठाल.

शहरातल्या गारखेड्याच्या बानाबाईला असं ‘शंभरेक’ चालत नाही. तिचा बाप कन्नडजवळ घाटाच्या पायथ्याला मेंढरं राखायचा, आणि मेंढवाड्यात शिरणारी मेंढरं मोजायचं काम लहानपणापासून तिचं होतं. विशीनं मोजायची. वीस झाली की एक खडा ओच्यात. झिंग्यांसाठीही तिनं तीच रीत धरली. पालकाचं उकडलेलं पान तळाशी सोडायचं, कळप चाऱ्यावर आला की मोजायचं आणि खडे खिडकीच्या कट्ट्यावर मांडायचे.

मे महिन्यातल्या एका सोमवारी कट्ट्यावर नऊ खडे होते. गुरुवारी सात झाले. शनिवारी सकाळी पाच.

तेव्हापासून तिला एका जागी बसवेना. भाजी फोडणीला टाकून ती गॅलरीत जायची, टाकीत डोकावून परत यायची, तोवर फोडणी जळालेली असायची.

“अगं, बघून बघून काय जित्ते व्हनारेत का ते?” नवरा सांडू म्हणाला. तो वाळूजच्या कंपनीत पहिल्या पाळीला जायचा, दुपारी घरी यायचा आणि पंख्याखाली आडवा व्हायचा. “मासे तर मजेत हायेत तुझे. मासे पाळ. त्या किड्यांचं काय एवढं?”

“तुमाला किडे दिसत्यात. गप बसा.”

सांडूला एवढं काय ते ठाऊक होतं, पण बोलायची सवय. सहा वर्षांपूर्वी बानाबाई चौकातल्या माशांच्या दुकानात झाडलोट करायची. दुकानदार रामकिसननं एकदा तळाला मेलेल्यांत पडलेले अकरा झिंगे पिशवीसकट कचऱ्यात टाकायला दिले. ते अजून हलत होते. तिनं ते लोणच्याच्या बरणीत घरी आणले. अकराचे चाळीस झाले, मग तडा गेलेली टाकी मिळाली, ती तिनं स्वतः चिकटवली. पाण्यात झाडं लावली, मासेही आणले. वर्षभरापूर्वी तिनं झाडलोट सोडली. आता रामकिसनच तिच्याकडून झिंगे आणि पाणवनस्पती न्यायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, मावशीच्या टाकीतला माल मरत नाही. बाप गेल्यावर कळप भावाकडे गेला होता. बानाबाईच्या वाट्याला त्यातलं एक कोकरूही आलं नव्हतं, आणि तिनं मागितलंही नव्हतं. हा कळप मात्र तिचा होता. तो असा डोळ्यांदेखत चालला होता, आणि का ते कळत नव्हतं.

पहिला संशय पाण्यावर गेला. नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं आणि ते आलं की औषधाचा भपकारा सुटायचा. पण ती नळाचं पाणी सरळ टाकीत कधीच ओतत नसे. जिन्याखालच्या सावलीत तिचा निळा ड्रम होता. त्यात पाणी तीन-तीन दिवस निवायचं. डास होऊ नयेत म्हणून त्यातही पाच-सहा गप्पी सोडलेले होते, वर जलकुंभी तरंगत होती. ड्रममधलं सगळं ठणठणीत होतं.

मग संशय गरमीवर. टाकीच्या काचेवर तापमानाची पट्टी चिकटवलेली होती. दुपारी गॅलरीत पत्रा तापला की पट्टी तेहतिसावर जायची, आणि एकतिसाच्या वर झिंगे धापा टाकतात हे बानाबाईला माहीत होतं. त्यावर तिचा उपायही ठरलेला होता: घोंगडी. मेंढका पाण्याच्या भांड्याला ओली घोंगडी गुंडाळतो, पाणी गार राहतं. तिनं मागच्या उन्हाळ्यात टाकीला बापाची जुनी घोंगडी गुंडाळली होती. एक काठ आत पाण्यात बुडवून ठेवायचा, म्हणजे घोंगडी आपोआप पाणी ओढत राहते आणि सारखं शिंपडावं लागत नाही. पट्टी एकोणतिसावर आली. रामकिसन खास बघायला आला होता. “मावशी, लोग इसके लिए हजारों की मशीन लेते, आन् तुमी घोंगडीवर भागवलं!” म्हणून हसत सुटला होता.

त्या घोंगडीला पावसाळ्यात कसर, लोकर खाणारी कीड, लागली आणि तिची चाळण झाली. यंदा चैत्रात भाऊ भिकननं नवी पाठवली. आपल्याच मेंढरांची लोकर, ओळखीच्या विणकराकडून विणून घेतलेली. वर निरोपही होता: ‘आक्का, हिला कसर लागायची नाय, बिनघोर वापर.’

बानाबाईनं नव्या घोंगडीची खळ तीनदा धुऊन काढली, पाणी नितळ येईपर्यंत. मगच टाकीला गुंडाळली. पट्टी पुन्हा एकोणतिसावर आली, आणि पुढच्याच आठवड्यात कट्ट्यावरचे खडे कमी होऊ लागले.

शनिवारी दुपारी ती उन्हातान्हात रामकिसनच्या दुकानात गेली.

“गरमी मावशी, और क्या,” रामकिसन म्हणाला. “माझ्याकडचे पण गेले ना. घोंगडी जरा जास्त भिजवा.”

तिनं भिजवली. दिवसातून दोनदा ऐवजी पाच वेळा. दोन्ही काठ पाण्यात सोडले. रविवारी सकाळी पालकाचं पान टाकलं तर अर्ध्याच पानावर हालचाल होती. चार खडे.

आता तिचं कशातच लक्ष लागेना. केर काढता काढता झाडू टाकून आली. सांडूनं चहा मागितला तर रिकामा कप त्याच्या हातात देऊन गेली. मेलेले-मरणारे झिंगे ती चहाच्या गाळणीनं एकेक काढायची आणि तळहातावर घेऊन बघायची. तेव्हा तिला एक गोष्ट खटकली. गरमीनं घुसमटलेला झिंगा वर येतो, पाण्याच्या तोंडाशी. हे वर येत नव्हते. तळाला उताणे पडत होते. पाय मात्र थरथर, थरथर चाललेले, तास-तास.

असाच एक तिच्या तळहातावर होता. उताणा. सगळे पाय एकदम आखडायचे आणि सुटायचे.

हे तिनं कुठंतरी पाहिलं होतं. झिंग्यात नाही, दुसऱ्याच कशात. ती तशीच उभी राहिली. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, सांडूनं आतून काहीतरी विचारलं, तिला ऐकू आलं नाही. मग आठवलं. मागच्या दिवाळीत ती माहेरी गेली होती तेव्हा भिकन मेंढरांना गोचिडाचं औषध लावत होता. मेंढीच्या कण्यावरून बाटलीनं धार सोडायची, बस्स. घटकाभरात गोचीड गळायला लागले होते. वाड्याच्या दगडावर उताणे पडून ते असेच पाय झाडत होते. भिकनची बायको खराट्यानं लोटत होती तरी पाय चालूच.

तिनं टाकीभोवतीच्या घोंगडीकडे पाहिलं. कसर न लागणाऱ्या घोंगडीकडे.

पण नुसतं वाटून उपयोग नव्हता. मेंढरू आजारी पडलं की बाप आधी एकाला बाजूला बांधायचा आणि बघायचा. तिनं दोन काचेच्या बरण्या घेतल्या. दोन्हीत ड्रमचं पाणी, शेवाळाची एकेक चिमूट आणि दोन-दोन झिंगे. एका बरणीत घोंगडीचा काठ पिळून चमचाभर पाणी टाकलं. टाकताना तिचा हात थांबला. चांगले, धडधाकट दोन होते. एकीच्या पोटाखाली तर पिवळी अंडी होती. तिला तिनं परत काढलं आणि दुसरा एक नर टाकला. मग चमचा ओतला.

“हे काय मांडलंस आता?” सांडू म्हणाला.

“बसा हितं. घड्याळ बघा. मला दम निघत नाय, मी बघितलं की लगीच हात घालीन.”

सांडू कुरकुरत बसला, पण बसला. दोन तासांनी त्यानंच हाक मारली. “बाने, ये. ह्यातले दोनीबी उलटे झाले. त्यातले मस्त फिरत्यात.” आणि थोडं थांबून, हळू आवाजात, “घोंगडीच हाय व्हय गं?”

तिनं घोंगडी ओढून काढली आणि गॅलरीच्या कठड्यावर टाकली. आता घाई होती. नळाला अजून तीन दिवस पाणी येणार नव्हतं. ड्रम तेवढा अर्धा भरलेला. ड्रममधले गप्पी तिनं टाकीत टाकले, झिंग्यांची पिल्लं खातात म्हणून, आणि त्या पाण्यानं त्यांना काही होत नाही हे आता नक्की कळलं होतं. मग टाकीतले झिंगे चहाच्या गाळणीनं एकेक ड्रममध्ये. झाडं घ्यायची नाहीत, त्यांनाही ते पाणी लागलेलं. सांडू टॉर्च धरून लाकडाच्या भोकांत बघत होता. “हितं एक लपलाय. आरं, पळाला. धर, धर!” त्यालाच आता चेव आला होता.

ड्रमला गार ठेवायला काहीतरी गुंडाळायला हवं होतं. तिचा हात बारदानावर गेला आणि मागे आला. बारदानात धान्य असतं, धान्यातही औषध असतं. शेवटी स्वतःची जुनी सुती साडी भिजवून गुंडाळली. ती घोंगडीइतकी ओल धरत नव्हती. तासा-तासाला शिंपडावी लागत होती. शिंपडली.

संध्याकाळी मोजले. तीन खडे आणि वर एक. एकसष्ट.

सोमवारी अठ्ठावन्न. मंगळवारी तिनं दोनदा मोजले, विश्वास बसेना म्हणून तिसऱ्यांदा. अठ्ठावन्न. बुधवारीही तेवढेच, आणि त्या अंडीवालीच्या पोटाखालची अंडी जागच्या जागी होती, पोटाखालच्या पायांनी वारा घालत होती ती त्यांना. बानाबाई ड्रमच्या कडेला हनुवटी टेकून बघत राहिली. चारेक दिवसांत पहिल्यांदा तिनं जेवताना दुसरी भाकरी घेतली.

पण चैन पडली नाही. बुधवारीच तिनं भिकनला फोन लावला.

“भिकन्या, घोंगडीची लोकर कातरायच्या आदी औषध लावलं व्हतं का रं?”

“व्हय. गोचीड लई झाले व्हते. का गं आक्का, वास मारती का?”

“नाय. मंग मेंढरं धुतली असशील कातरायला.”

“धुतली की.”

“कुठं?”

“कुठं म्हंजे? ओढ्यात. दुसरीकडं कुठं धुनार, तुज्या गारखेड्यात?” तो हसला.

बानाबाईला डोह आठवला. त्या ओढ्याच्या डोहात ती लहानपणी कोकराला पोटाशी धरून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायची. बाप मेंढी चोळायचा. तेवढ्यात तिच्या टाचांच्या भेगांना कोणीतरी कुरतडायचं, गुदगुल्या व्हायच्या, आणि ती किंचाळून कोकरू सोडून द्यायची. पारदर्शक, मातकट झिंगे. आई ते लुगड्याच्या पदरानं धरून तव्यावर परतून भाकरीबरोबर वाढायची. दुकानातले लाल झिंगे पहिल्यांदा हलताना दिसले तेव्हा तिनं ते कचऱ्यात टाकले नाहीत, ते यामुळंच.

“भिकन्या, एक काम कर. उद्या डोहात पाय सोडून बस. अर्धा घंटा. काय चावतंय का बघ.”

“येडी झाली का आक्का?”

“बस म्हनलं तर बस.”

तो बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचाच फोन आला. “बसलो बाई. लोकं इचारीत व्हती, बायकोनं भाईर काढलं का. बारीक मासे आले, पायाला चिकटले.”

“आन् झिंगे?”

“झिंगे नाय दिसले.”

“एकबी?”

“एकबी नाय.”

मासे आहेत, झिंगे नाहीत. बानाबाईनं खिडकीतून टाकीकडे पाहिलं. विषाच्या पाण्यात गप्पी शेपट्या मिरवत फिरत होते.

“कवापासून नायत रं?”

“आता मला काय ठाव? दुष्काळात गेले आसतील. वाळू उपसली तवा गेले आसतील. पान्यात वाकून झिंगे कोन बघतंय, आक्का?”

खरंच, कोण बघतंय? या सगळ्याला पाच वर्षं झाली. ड्रममधल्या अठ्ठावन्नांचे आता अकरा खडे झालेत. टाकी चारदा धुऊन, वाळू बदलून परत भरली आहे. घोंगडी माळ्यावर आहे आणि तिला खरंच अजून कसर लागलेली नाही. पण माहेरचं कोणीही म्हातारं माणूस भेटलं, लग्नात, दवाखान्यात, बसस्टँडवर, की बानाबाई त्याच्या शेजारी सरकून बसते आणि आधी तब्येतीचं विचारते. मग तेच: गोचिडाची ती पाठीवर ओतायची बाटली आपल्या गावात पहिल्यांदा कुणी आणली, कोणत्या साली? आणि ओढ्यात पायाला झिंगा चावल्याचं तुम्हाला शेवटचं कधी आठवतं, त्याच्या आधी की नंतर?