पेटीवर डोकं ठेवून

"मॅडम, तुम्ही फक्त घोरायचं. बाकी ऑडियन्स मी सांभाळतो."

बोरगाव मेघे गावातल्या माझ्या संगीताच्या क्लासमध्ये रिहर्सल चालू होती. बोलणारा सौरभ, नागपूरचा गायक. 'हसतखेळत शास्त्रीय' असा त्याचा शो आहे. त्यात तो तानेमध्ये कुकरची शिट्टी काढतो, आलाप घेता घेता घड्याळ बघतो. लोक हसतात. मी पेटीची साथ करते, म्हणजे हार्मोनियम वाजवते. मला हसू आलं नाही.

आयटम असा होता. तो विलंबित ख्याल, म्हणजे अगदी संथ गाणं, सुरू करणार. मला कंटाळून झोप लागणार. तो समेवर आला की मी दचकून उठायचं.

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. ताल गोल फिरत असतो. गाणारा कुठेही भटकून येवो, बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचे शब्द, घेऊन त्याने नेमकं तिथे उतरायचं असतं.

"एकदा गाऊन दाखव ना," मी म्हटलं.

"ते होतं हो. एक्स्प्रेशन महत्त्वाचं."

मी नाहीच म्हणणार होते. कार्यक्रमाला माझे विद्यार्थी आणि त्यांचे आईवडील येणार होते, नव्या बॅचची चौकशी करणारेही येणार होते. स्टेजवर घोरणाऱ्या बाईकडे पोरं कोण पाठवेल? पण कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळाचे सेक्रेटरी वानखेडे हात जोडून उभे राहिले.

"पोस्टरवर तुमचं नाव छापून झालं मॅडम. आता मले काऊन अडचणीत टाकता?"

"ठीक आहे. पण याचा मुखडा समेवर पडला तरच मी उठेन. त्याआधी नाही."

"डन!" सौरभ म्हणाला.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. काही बंदिशी झाल्यावर तो आयटम आला. मी पेटीवर डोकं ठेवलं, घोरले. हशा पिकला. सौरभ रंगात आला.

बाहेरच्यांना एक गोष्ट माहीत नसते. सम जवळ आली की पेटीवाला मुखड्याचे सूर हळूच दाखवतो. कच्चा गाणारा ते धरून समेवर येतो. आधीच्या सगळ्या बंदिशींत मी सौरभला असंच आणलं होतं. त्याला वाटत होतं, आपण स्वतःच येतोय. आणि आता त्याने मलाच झोपवलं होतं.

पहिल्यांदा तो समेच्या आधीच पोचला. पुढच्या वेळी सम निघून गेल्यावर आला. मी झोपलेलीच. माझे विद्यार्थी सवयीने हातावर ताल धरून बसले होते. त्यांची टाळी एकीकडे, सौरभ दुसरीकडे. आता लोक मला सोडून त्याला हसायला लागले.

तबल्यावरचा दीपक पुटपुटला, "उठा ना मॅडम. हा काही येऊन नाई राह्यला."

"ठरलंय तसं होऊ दे."

आणखी एक सम हुकली. सौरभ माइकवर हात ठेवून वाकला. कपाळावर घाम.

"ताई, प्लीज. मुखडा द्या."

मी डोकं न उचलता भाता हलवला, मुखड्याचे सूर दाखवले. तो बरोबर समेवर पडला. मी दचकून उठले. टाळ्या थांबेनात.

"आयटम जबरदस्त झाला!" वानखेडे नंतर म्हणाले. "पुढच्या वर्षीबी असंच झोपजा मॅडम!"

 नवी बॅचही भरली.

गाण्याची थट्टा करायला माझी हरकत नाही. फक्त साथीदाराला झोपवण्याआधी, आपण कोणाला धरून चालतोय ते एकदा बघून घ्यावं.