पहिली आंघोळ माझी

ये गं, अशी जवळ बस. अन् हातातलं लाटणं ठेव आधी! धाकटी बहीण म्हणून किती माफ करायचं तुला? माझं पत्र उभ्या उभ्या वाचतीस अन् निम्मं सोडतीस.

लातूरच्या या घरात पाणी तापवायला काय घ्यायचं, यावर आम्हा तिघांची आठ दिवस बैठक चालली. लेक म्हणाला, "विजेचा गिझर." सून म्हणाली, "गॅसचा." मी म्हणाले, "बोअरच्या पाण्यानं चहाचं पातेलं आतून पांढरं पडतंय, तुमचा गिझर किती दिवस टिकल? सोलर घ्या."

"माय, गच्ची तिसऱ्या मजल्यावर, न्हाणी खाली. पाइप लई लांब पडतो गं."

"मला शिकवू नको," म्हणाले. घेतला सोलर.

आता ऐक. पाइपात बसलेलं पाणी सकाळपर्यंत गार पडतंय. गरम यायच्या आधी तीन बादल्या गारच येतात. अन् आमच्यात पहिली आंघोळ माझी. देवपूजा माझ्याकडं, पारोशी देवाला शिवत न्हाई मी. म्हणजे गार पाणी माझ्याच वाट्याला. सोडून द्यावं, तर आठ-आठ दिवस नळ न येणाऱ्या गावात मोरीत पाणी सोडायला हात धजत न्हाई. दोन बादल्या भरतात, घंगाळ भरतं, मग ठेवायला भांडं न्हाई. नळ बंद करते अन् तेच अंगावर घेते. गुडघे ठणकतात. दात वाजलेले बाहेर ऐकू जाऊ नयेत म्हणून मोठमोठ्यानं स्तोत्र म्हणते. माझ्यामागून जाईल त्याला मात्र कढत पाणी. लेक अंग पुसत म्हणतो, "माय, तुझंच खरं निघालं बघ!" काय सांगू त्याला?

परवा चहा देताना सुनेनं माझा हात धरला. "आई, हात इतके गार कसे?"

"थंडी हाय ना."

हात तसाच धरून म्हणाली, "उद्यापासून मी आधी जाऊ का? शाळा लवकर हाय माझी."

मन म्हणालं, जा गं माझे बाई. तोंडातून निघालं, "मी जित्ती असताना देव खोळंबून ठेवू?" हसली अन् गेली. तिला कळलं का न्हाई, देव जाणे.

बोलले तर माझा शब्द पडतो, न बोलले तर गुडघे जातात.

तू ये. नांदेडहून किती लांब हाय लातूर? थंडी हाय तोवर ये. पाहुणीचा मान म्हणून पहिली आंघोळ तुला देते. तांब्याभर पाणी अंगावर पडलं की न्हाणीतून अशी बोंब मार, की लेकाला गच्चीवर ऐकू जावी. मला न्हाई गं मारता येत. येशील ना लवकर?