अम्माची मुदत

आमच्या घरात पत्रकं पोत्यानं असायची. वडील छापून आणायचे, आई घड्या घालायची आणि मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. 'जाहीर निषेध' हे शब्द मला माझ्या नावाच्या आधी लिहिता येत होते. त्यामुळं माहिती अधिकाराचं काम करणाऱ्या मंडळींत मी शिरले तेव्हा परकं असं काही वाटलं नाही. एकच गोष्ट नवी होती. पत्रकात आपण एका बाजूला असतो आणि सरकार दुसऱ्या. इथं दोन्ही बाजूंना आपलेच लोक बसलेले असायचे.

आमची बैठक इस्लामपुरात एका टेलरच्या दुकानात भरायची. त्या टेलरना आम्ही चाचा म्हणायचो. कराडहून एसटीनं येणारे निवृत्त सुभेदार आणि इस्लामपुरातलेच निवृत्त गुरुजी हे आमच्यातले वडीलधारे. सुभेदारांचं म्हणणं, माहिती हा हक्क आहे, तो कशाच्याही बदल्यात सोडायचा नाही. गुरुजींचं म्हणणं, माहिती म्हणजे खुरपं, तण निघालं की धुऊन ठेवायचं. यावर दोघं तास तास भांडायचे आणि मध्येच एका डब्यातले पोहे खायचे.

खरं बिनसलं ते चाचांच्या अर्जावरून. चाचांच्या गावात दफनभूमीला जायला रस्ता नव्हता. आदल्या पावसाळ्यात त्यांचे वडील गेले, तेव्हा जनाजा उसाच्या सरीतून, गुडघाभर चिखलातून न्यावा लागला. खांदा देणारा एक जण घसरला. त्यापुढचं चाचांनी कधी सांगितलं नाही. आता त्यांची आई, अम्मा, थकली होती. उन्हाळाभर खोकत होती. रस्ता मंजूर झालाय असं गावात सगळेच म्हणत, पण तो कुणाला दिसत नव्हता. म्हणून चाचांनी ग्रामपंचायतीत अर्ज केला, मंजुरीच्या आणि कामाच्या कागदांच्या प्रती द्या.

प्रती आल्या नाहीत. ग्रामसेवकाचा तोंडी निरोप आला. अर्ज मागं घ्या, पावसाच्या आत मुरूम टाकून देतो.

"घ्या मागं," गुरुजी म्हणाले. "म्हातारी बाई हाय घरात. रस्ता मिळाला की विषय संपला."

"आन मंजूर झालेला पहिला रस्ता कुणी खाल्ला?" सुभेदारांनी विचारलं.

"खाल्ला असंल. त्याच्याच पोटात दुखंल."

"शाळेत पोरांना असंच शिकिवलं व्हय तुमी? चोर घावला की पेन्सिल तेवढी घ्यायची आन सोडून द्यायचा?"

"पेन्सिल तर मिळती. तुमच्या पलटणीत चोर धरंपतूर लढाई संपायची."

मी सुभेदारांच्या बाजूची होते. अजूनही आहे. एक अर्ज मागं घेतला की शेजारच्या दहा गावांतल्या कार्यालयांना कळतं, ही माणसं कशानं गप्प बसतात.

त्या दिवसापासून दोघांनी अबोला धरला. पण अबोला धरला म्हणून काम थांबतं थोडंच? आमचे कागद गुरुजी सांभाळायचे. सुभेदारांनी त्यांच्याकडे रीतसर नमुन्यात माहितीचा अर्ज केला, वर कोर्ट फीचं तिकीट चिकटवून. अर्ज मागं घ्यावा असा ठराव आपल्या मंडळानं कोणत्या बैठकीत केला? गुरुजींनी तो आवकेत नोंदवला आणि मुदतीत उत्तर दिलं, 'आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने पुरवता येत नाही.'

ज्या वाक्याविरुद्ध आम्ही सातारा आणि सांगलीतल्या निम्म्या कार्यालयांत भांडलो होतो, ते वाक्य गुरुजींनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं.

सुभेदारांनी पहिलं अपील केलं. दुसरं कुणी उरलंच नव्हतं, म्हणून अपील अधिकारी मी. सुनावणी दुकानात. चाचा शाळेच्या गणवेशांवर शिलाई मारत होते. दोघा वडीलधाऱ्यांनी माझ्याकडं तोंड करून बाजू मांडल्या. एकमेकांचा उल्लेख 'अपिलार्थी' आणि 'जन माहिती अधिकारी' असा. मला हसू दाबता येईना.

मशीन थांबली.

"आवं, तुमची मुदतीवर मुदत चाललीया," चाचा म्हणाले. "मृग तोंडावर आला. अर्ज माझा हाय, बाप माझा गेला, आय माझी खोकतीया. तिला कुणी इचारलं का?"

कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

आम्ही चाचांच्या गावी गेलो. अम्मा बाजेवर बसून लसूण सोलत होती. चाचांनी तिला सगळं सांगितलं, निरोपाचं, दोघांच्या भांडणाचं. ती ऐकत राहिली. मग तिनं गुरुजींकडं बघितलं.

"मास्तर, माझ्या माणसाला चिखलातनं नेला. त्यो रस्ता कुठं गेला ते मला कळाय पाहिजे. अर्ज ऱ्हाऊ द्या."

"पण अम्मा, पाऊस..."

"मी पावसाळ्यात मरत न्हाई," अम्मा म्हणाली आणि लसणाची पुढची गड्डी घेतली.

  परतताना सुभेदारांच्या तोंडावर जिंकल्यासारखं काही नव्हतं.

तो पावसाळा लय मोठा वाटला. गुरुजी दर आठवड्याला अम्माकडं खोकल्याचं औषध आणि आलं घेऊन जायचे. सुभेदार कराडहून दुपारची एसटी धरायचे, म्हणे सहजच. बऱ्याचदा दोघं एकाच वेळी बाजेच्या दोन बाजूंना भेटायचे आणि अम्मामार्फत बोलायचे.

"अम्मा, त्यांना सांगा, लष्करी चालीनं काढा पाजू नका."

"अम्मा, त्यांना म्हणावं, औषध हाय, धडा न्हाई. घोकत बसायचं नसतंय."

एकदा रात्रभर ताप चढला होता असं कळल्यावर दोघं एकाच रिक्षातनं गेले. त्या दिवशी अबोला सुटला. कसा ते दोघंही सांगत नाहीत.

चाचांच्या अर्जावर आम्ही पंचायत समितीत अपील केलं आणि दसऱ्याच्या सुमारास कागद मिळाले. दफनभूमीचा मुरूम गावातल्याच एका मोठ्या माणसाच्या उसाच्या वाटेवर पडला होता. मी पत्रक लिहिलं, गुरुजींनी त्यातली चार विशेषणं काढली, सुभेदारांनी दोन परत घातली. गावात ते दारोदार वाटलं. ऊसतोड सुरू व्हायच्या आत खरा रस्ता झाला.

रस्ता बघायला आम्ही अम्माला रिक्षातून नेलं. दफनभूमीच्या फाटकापाशी ती उतरली, चपलेनं मुरूम दाबून बघितला आणि आमच्याकडं वळली.

"आता सगळी अशी काय बघाय लागलाय माझ्याकडं? उद्घाटन मीच करू व्हय?"

"न्हाई अम्मा," सुभेदार घाईनं म्हणाले, "त्याची काय घाई न्हाई."

"त्याला मुदतच न्हाई," गुरुजी म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "ठराव लिही गं. एकमतानं."