न्हाणीघराच्या चौकटीवरची पिसं

कॉलेजात तिला सगळे बुरशीबाई म्हणत. ती वनस्पतिशास्त्र शिकवायची, पण जीव अडकला होता स्लाइम मोल्डमध्ये. कुजक्या लाकडावर चिकट सायीसारखा पसरणारा आणि एके दिवशी इवल्या दांड्यांवर बीजाणू घेऊन उभा राहणारा हा जीव. हा जीव म्हणजे बुरशी नव्हे, हे ती नोकरीभर सांगत राहिली. नाव त्यामुळे आणखीच पक्कं झालं.

सुट्ट्या तिने रानात काढल्या, गुडघे फोडून घेतले, जळवांना रक्त पाजलं. नवी जात काही गवसली नाही. निवृत्तीनंतर ती थोरल्या बहिणीकडे राहायला आली. ताईच्या घरात माणसाआधी फिनेलचा वास स्वागताला यायचा.

एका सकाळी ताई न्हाणीघरातून ओरडली, "अगं, चौकटीला केस फुटलेत!"

बाई धावली. ओल्या, सडक्या लाकडावर तपकिरी पिसांचा झुबका उभा होता. ताईने घासायचा ब्रश उगारला होता.

"हात लावशील तर याद राख!"

धाकटी थोरलीवर ओरडली ती जन्मात पहिल्यांदा. ताईने गुपचूप ब्रश खाली ठेवला.

मायक्रोस्कोप जेवणाच्या टेबलावर आला. ताईने नाक मुरडलं, मग एक डोळा लावला. काळी चकचकीत दांडी, तिच्याभोवती नाजूक जाळी, जाळीत अडकलेली तपकिरी पूड.

"एवढं बारीक काम कोण करतं गं?"

"कुणी नाही. आपसूक होतं."

"माझ्या घरात आपसूक काही होत नाही," ताई ठसक्यात म्हणाली.

बाईला जाळीची वीण निराळी वाटली. ही नवी जात तर नसेल? तिने दूरच्या एका तज्ज्ञाला फोटो पाठवले. उत्तर एका ओळीचं आलं: अगदी सामान्य जात, जगभर आढळते.

बाईचं तोंड उतरलं. ताई मात्र भडकली. "सामान्य? त्या मेल्याच्या न्हाणीघरात उगवलीये का कधी?"

चौकट बदलायला आलेल्या सुताराला तिने दारातूनच परत पाठवलं. आता पुढचं पीक कधी येतंय, याची वाट पाहत ती दिवसातून दहादा चौकट न्याहाळते. टेबल मायक्रोस्कोपने अडवलंय, म्हणून दोघी ताटं मांडीवर घेऊन जेवतात. चौकट आणखी फुगली आणि कडी लागेनाशी झाली. बाईने दुरुस्तीचा विषय काढून पाहिला, पण ताईने ऐकूनच घेतलं नाही. तेव्हापासून बाई अंघोळीला गेली की मोठमोठ्याने गाते, आत कुणी आहे हे बाहेर कळावं म्हणून.