पाण्याखालचं खळं

ती घटना आठवली की मला आजही माझ्याच उजव्या हाताची लाज वाटते. हा हात मी एका निरपराध म्हाताऱ्यावर उगारला होता. तो हात त्याच्यावर पडला नाही, एवढंच माझं नशीब.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. बारवी धरणाकडचा भाग आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येत असे. थंडीच्या दिवसांत, एका सोमवारी सकाळची हजेरी चालू असतानाच अंबरनाथ पूर्वेहून एक बाई आल्या. नवरा कारखान्यात अधिकारी. दर रविवारी तो स्कूटर काढून जलाशयावर गळाने मासे धरायला जायचा.

"मासा मिळो न मिळो, दिवेलागणीला परत येतात म्हणजे येतात," बाई म्हणाल्या. "काल आलेच नाहीत."

मी मिसिंग दाखल करून घेतली आणि मनात म्हटलं, बसला असेल कुठे मित्राकडे. माशांचं वेड असलेल्या माणसाच्या बायकोइतका वेळेचा चोख साक्षीदार दुसरा नसतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

दुपारी स्कूटर सापडली. रस्त्यालगत एका जांभळीखाली नीट स्टँडवर लावलेली, डिकीत जेवणाचा डबा, तोही न उघडलेला. आम्ही तिथला काठ पिंजून काढला, होडीतून पाण्यात आकडे टाकून पाहिले. दोन दिवस काही हाती लागलं नाही. बाई रोज ठाण्यात येऊन बाकावर बसत आणि काही न विचारता परत जात. ते मला जास्त जड जात होतं.

बुधवारी खबर आली. त्या बाजूच्या पाड्यांवरून दूध गोळा करणारा एक माणूस आमचा खबऱ्या होता. त्याने सांगितलं, "साहेब, काठावरच्या वस्तीत एक म्हातारा आहे. त्या साहेबाचा रीळवाला रॉड त्याच्या घरात हाय, मी डोळ्यानं बघितला."

आम्ही जाऊन झडती घेतली. रॉड आढ्याला टांगलेला होता आणि त्याचं टोक मोडलेलं होतं. झटापट, मी लगेच ठरवून टाकलं. हेतूही आयताच मिळाला. म्हाताऱ्याची जमीन धरणाच्या पाण्याखाली गेली होती आणि ते पाणी कारखान्यांना जातं म्हणून तो कारखानेवाल्यांना येता-जाता शिव्या घालायचा, असं वस्तीतलेच लोक म्हणाले. बेपत्ता माणूस कारखान्यातला. सगळं कसं जागच्या जागी बसलं. इतकं नीट बसलेलं प्रकरण दिसलं की पोलिसाने थांबून पाणी प्यावं, हे मी पुढे नव्या फौजदारांना सांगत आलो. तेव्हा मात्र मी थांबलो नाही. वरिष्ठांचा फोन आला होता की संध्याकाळपर्यंत अटक दाखवा आणि उद्या कोर्टात हजर करा.

एका हवालदाराला मी रॉडची ओळख पटवायला उल्हासनगरच्या गळ-दोरीच्या दुकानात पाठवलं आणि म्हाताऱ्याला समोर बसवलं. पासष्टीचा असेल. अंगात बंडी, पायात टायरच्या वहाणा. घाबरलेला नव्हता, त्याचाच मला राग आला.

"साहेब कुठे आहेत?"

"पान्यात हाईत."

"तुला कसं माहीत?"

"दुसरीकडं कुठं जातील? सोमवारीच तुमच्या शिपायाला सांगलं व्हतं, तिकडं नको, हिकडं शोधा. त्यानं मना हाकललं."

"हिकडं म्हणजे कुठे?"

"माज्या शेतात. आंब्याच्या खोडापाशी."

पाण्यात आणि शेतात! हा माझी थट्टा करतोय असं मला वाटलं. मी उठलो आणि हात उगारला. म्हाताऱ्याने मानही वळवली नाही.

"मारा," तो म्हणाला, "पन आदी होडी काडा. सांजच्याला वारा फिरंल, मंग त्या आंगाला जाता येनार नाय."

माझा हात तसाच राहिला. नोकरीत मी मार चुकवणारे पाहिले, मारापुढे रडणारे पाहिले. मारापेक्षा वाऱ्याची काळजी करणारा हा पहिलाच. मी खाली बसलो आणि त्या दिवसातला पहिला सरळ प्रश्न विचारला, "बाबा, काय झालं ते सांगा."

मग तो बोलला. साहेब आणि तो तीन वर्षांचे सोबती. रॉड नेहमी त्याच्याच घरी असायचा, स्कूटरवर कोण नेणार? त्याच्या बुडालेल्या शेतात आंब्याचं एक खोड उभं होतं. तिथे तो रोज भुईमुगाची पेंड आणि कोंड्याचे गोळे टाकून मासे जमवायचा आणि रविवारी साहेब गळ टाकायचे. आधीच्या रविवारी एका मोठ्या कटला माशाने रॉडचं टोक मोडून पळ काढला. साहेब इरेला पेटले. म्हणाले, आता जाड दोरी आणतो आणि नुसत्या हाताने काढतो.

"म्या सांगलं, दोरी खुंटाला बांदा, हाताला गुंडालू नका. मासा मोटा झाला का तो मानसाला धरतो. ते हासले. ऐतवारी मी भाचीच्या लग्नाला गेलतो. मी आसतो तर..."

हे चालू असतानाच हवालदार उल्हासनगरहून परतला. दुकानदाराने शनिवारचं गिऱ्हाईक ओळखलं होतं. सर्वांत जाड नायलॉन मागितल्यावर त्याने विचारलंही होतं, "साईं, इतनी मोटी डोर? भैंस बाँधनी है क्या?" त्यावर साहेब म्हणाले होते, "रॉड तोडके गया है मेरा. अब हाथ से निकालूँगा."

मोडलेला रॉड आणि जाड दोरी, एवढं तरी म्हाताऱ्याचं खरं निघालं. मी स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि जीप काढली.

स्कूटर होती तिथून आम्ही होडीत बसलो. म्हातारा पुढे बसला. समोर नुसतं सपाट पाणी. पण त्याच्या दृष्टीने ते पाणी नव्हतंच. पलीकडची टेकडी आणि काठावरचा एकुलता ताड एका रेषेत आले तेव्हा त्याने वल्हवणाऱ्याला वळायला सांगितलं. "हा माजा बांद." बांबू खाली सोडला तर दगडावर टक्क वाजला. "ही वरची खाचरं. ही नाचनीची. हितून बैल पानवठ्यावर जायचे." बांबू प्रत्येक वेळी तो सांगेल तसाच वाजत होता, कुठे दगड, कुठे चिखल.

मध्येच त्याने वाकून वहाणा काढल्या आणि हातात धरल्या. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा पायात घातल्या. मी विचारलं, "काय झालं?"

"खलं व्हतं," तो म्हणाला. खळ्यात, जिथे धान्याची रास पडते तिथे, चपला घालून कोण जातं?

हे सोंग नव्हतं. त्याने ते आम्हाला दाखवण्यासाठी केलं नव्हतं, मी विचारलं नसतं तर तो बोललाही नसता. त्या क्षणी माझ्या लेखी तो सुटला, पुरावा हाती येण्याआधीच.

आंब्याचं खोड पाण्याखाली दीड पुरुष खोल होतं. आकडा पहिल्याच खेपेला अडकला. साहेब तिथेच होते. पायात कारखान्यातले गमबूट, पाण्याने आणि गाळाने भरलेले. उजव्या मनगटाला दोरीचे तीन वेढे. माशाने खोडाला फेरा मारला होता आणि त्या ओढीत हात खोडाशी जखडला गेला होता. खोडासमोरच्या काठावर बुळबुळीत उतरण होती, तिथे घसरल्याची खूणही सापडली. अंगावर दुसरी जखम नव्हती. पुढे शवविच्छेदनातही बुडून मृत्यू हेच आलं.

पण दोरीचं दुसरं टोक अजून ताठ होतं आणि हलत होतं.

हवालदाराने ती सावकाश ओढली. पाण्यावर आधी एक रुंद पाठ आली, मग ते भलंमोठं डोकं. कटला. चार दिवस गळाला अडकूनही जिवंत. तोंड उघडमीट करत तो होडीशेजारी आडवा झाला. एवढा मासा मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. मला त्याची भीती वाटली आणि हात जोडावेसेही वाटले. म्हाताऱ्याने खरंच जोडले.

"ह्याचा गुना नाय, सायेब," तो म्हणाला. "ह्यो बी आडाकलाच व्हता."

मी पंचांना मासा दाखवला, गळ सोडवून दोरीसकट मुद्देमालात घेतला आणि पंचनाम्यात लिहिलं, "सदर मासा जिवंत असल्याने पाण्यात सोडला." वरिष्ठांनी त्या ओळीबद्दल माझ्याकडे लेखी खुलासा मागितला होता. मी दिला. त्यांनी वाचून तो बाजूला ठेवला.

अकस्मात मृत्यूची नोंद होऊन प्रकरण मिटलं. रॉड परत न्यायला बाई आल्या तेव्हा मी म्हाताऱ्यालाही बोलावलं होतं. बाईंनी तो मोडका रॉड हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि त्याच्याकडे दिला. "तुमच्याकडेच असू द्या. ते तुमचंच नाव घ्यायचे घरी." म्हातारा तेव्हा रडला. ठाण्यात, माझ्या उगारलेल्या हातापुढे न हललेला माणूस.

जाताना मी त्याची माफी मागितली. वर्दीतल्या माणसाने माफी मागितल्यावर काय करायचं हे त्याला कळेना. तो म्हणाला, "जेवाया या कदी."

माहिती असणं हा गुन्हा नव्हे, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. गरीब माणसाला एखादी गोष्ट नेमकी ठाऊक असली की आपण आधी विचारतो, तुला कसं ठाऊक? त्याचं उत्तर ऐकायच्या आत आपला हात वर जातो. पुढच्या साऱ्या नोकरीत मी तो प्रश्न विचारून झाला की दोन्ही हात टेबलावर ठेवू लागलो.

जेवायला जायचं राहून गेलं. निवृत्तीनंतर एकदा पत्नीला घेऊन त्या बाजूला गेलो तर म्हातारा वारला होता. त्याच्या पुतण्याने आम्हाला होडीतून फिरवून आणलं. टेकडी आणि ताड एका रेषेत आले, आणि थोडं पुढे गेल्यावर मी वाकून बूट काढले.

"अहो, इथे कशाला बूट काढताय?" पत्नीने विचारलं.

"खळं आहे," मी म्हणालो.

पुतण्याने वल्हं थांबवून माझ्याकडे पाहिलं. त्याचे पाय आधीच अनवाणी होते.